नांदगावच्या आसमंतातील प्रेक्षणीय स्थळे

(ज्युबिली महोत्सवानिमित्त धर्मग्रामातील मंडळींपुढे दिलेले व्याख्यान)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी धर्मगुरूने काही उपदेशपर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणे साहजिक आहे. परंतु उपदेश आपण दर रविवारी ऐकता, आणि तो किती सहनशीलतेने ऐकता हे वेदीवरून मला दिसत असते. यास्तव आज उपदेश बाजूस ठेवून मी आपणांस थोडे फिरावयास नेणार आहे. तेही फार दूर नव्हे; सकाळी निघून दिवेलागणीस घरी परतता येईल इतकेच.

प्रथम एक प्रश्न विचारतो. आपला जिल्हा १९८१ साली रत्नागिरीपासून निराळा झाला; त्यास सिंधुदुर्ग हे नाव मिळाले. पुढे २००५ साली आपला धर्मप्रांत पुणे धर्मप्रांतातून निराळा झाला. त्याचेही नाव सिंधुदुर्गच. शाळेच्या दाखल्यापासून धर्मप्रांताच्या कागदापर्यंत हे नाव आपल्या डोळ्यांखालून नित्य जाते. मग ज्या किल्ल्याचे हे नाव, त्याच्या दरवाजातून आत जाऊन आलेली किती माणसे या मंडपात आहेत? हात वर करा असे मी म्हणत नाही. उगाच कोणास संकोच नको. पण वेलांकणी व जुने गोवे पाहून आलेल्यांची संख्या याहून मोठी निघेल, अशी मला शंका आहे. आणि २०२५ च्या पवित्र वर्षात ज्यांना ऐपत होती ते तर थेट रोमपुरीस जाऊन आले. जावेच. यात्रा हे पुण्यकर्म आहे. माझे म्हणणे एवढेच, की दूरचे पाहून आलेल्या डोळ्यांनी जवळचेही पाहावे.

इटलीत असिसी नावाचे एक लहानसे डोंगरी नगर आहे. संत फ्रान्सिस तेथला, म्हणून जग त्यास ओळखते. परंतु तेथे जाणारे लोक केवळ मोठे मंदिर पाहून परतत नाहीत. ते खाली उतरून जैतुनाच्या झाडांमधून सान दामियानोच्या जुन्या चर्चपर्यंत चालत जातात. सुबासियो डोंगरावर फ्रान्सिस जेथे एकांत करी त्या गुहा पाहतात. मैदानातील पोर्सियुंकुला नावाच्या, एखाद्या खोलीएवढ्या प्रार्थनामंदिरात गुडघे टेकतात. गाव आणि गावाभोवतीचे रान मिळून ते एक क्षेत्र झाले आहे. २६ सप्टेंबर १९९७ रोजी तेथे भूकंप झाला, वरच्या मंदिराचे छत कोसळले, आणि त्याखाली दोन संन्याशांसह चार माणसे दगावली. छतावरील भित्तिचित्रांचा चुरा झाला. तेथील लोकांनी त्या ढिगाऱ्यातून हजारो तुकडे वेचले, निवडले, जुळविले. आणि दोन वर्षांनी मंदिर पुनः उघडले.

आता आपल्याकडील रीत पाहा. पडक्या तटाचा चिरा म्हणजे फुकटचा चिरा. काढला आणि परड्याच्या गडग्यास लाविला. कोणा एकास मी दोष देत नाही, ही सर्वांचीच सवय आहे. यहोशवाने यार्देन नदीच्या पात्रातून बारा धोंडे उचलून उभे करविले, ते पुढे मुलांनी त्यांचा अर्थ विचारावा म्हणून. आपल्याकडे धोंडे उभे आहेत, परंतु विचारणारे मूल मुंबईस नोकरीला गेले, आणि ज्यास उत्तर ठाऊक होते तो आजोबा कबरस्थानात निजला. हीच आजची चिंता आहे.

असो. आता निघू या.

नांदगावची जागा मोठी सोयीची आहे. मुंबई-गोवा महामार्ग गावावरून जातो, कोकण रेल्वेचे नांदगाव रोड स्थानक आहे, आणि देवगडच्या समुद्राकडून फोंडाघाट चढून निपाणीकडे जाणारा रस्ता येथेच महामार्गास छेदतो. म्हणजे चारही दिशा मोकळ्या. त्यांपैकी उत्तरेची वाट मी प्रथम घेतो, कारण त्या वाटेवर जे आहे त्याकडे सर्वांचे दुर्लक्ष होते.

तळेऱ्यापुढे खारेपाटण लागते. बसगाडीच्या खिडकीतून हे गाव कितीतरी वेळा आपण पाहिले असेल, उतरले कोण? नदीकाठचे साधे गाव, बाजार, जैनांचे एक मंदिर, मुसलमान बांधवांची जुनी वस्ती. परंतु येथे ताम्रपट सापडला आहे. तो शके ९३०, म्हणजे इसवी सन १००८ चा असून दक्षिण कोकणच्या शिलाहार घराण्यातील रट्टराजाने दिलेला आहे. या घराण्याची वंशावळ मुख्यत्वे ह्याच पत्रावरून आपणांस कळते. राजाने एका शिवमंदिरास दिलेले हे दान आहे, आणि त्यात गावांखेरीज आणखी एक उत्पन्न लावून दिले आहे: परदेशातून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक गद्याण सोने. क्षणभर याचा विचार करावा. ज्या खाडीत आज गाळ साचून मोठे गलबत शिरू शकत नाही, त्या मुलखात हजार वर्षांपूर्वी परदेशी गलबते इतक्या नियमाने येत, की त्यांच्यावर देवळाचा नैवेद्य व दिवाबत्ती अवलंबून ठेवता येई! आपण कोकणी माणसे स्वतःस कोपऱ्यातली समजतो. तो ताम्रपट निराळे सांगतो.

आणि हा ताम्रपट वाचून प्रसिद्ध कोणी केला? बाळशास्त्री जांभेकरांनी. ज्यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढून मराठी वृत्तपत्राचा पाया घातला, तेच हे. त्यांचा जन्म १८१२ साली याच टापूतील पोंभुर्ले गावी झाला. खेड्यातील हा मुलगा मुंबईस गेला, पाश्चात्त्य विद्या शिकला, आणि आपल्याच मुलखातील एका विस्मृत राजाचे अक्षर त्याने जगास वाचून दाखविले. १८४६ साली, वयाची पस्तिशीही पुरी न करता, ते वारले. पोंभुर्ल्यास नेऊन मुलांना एवढी हकीकत सांगावी. शाळेच्या पुस्तकातील नाव तेथे माणूस होते.

हीच खाडी पुढे वाघोटणवरून जाऊन विजयदुर्गापाशी समुद्रास मिळते. तो किल्ला मूळ शिलाहार राजा भोज याचा मानतात. शिवाजी महाराजांनी तो बळकट केला, आणि पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे ते मुख्य ठाणे झाले. तीन बाजूंस समुद्र आणि एकाआड एक तीन तट. इंग्रजांनी प्रयत्न केले, डचांनी १७२४ साली केला. किल्ला कोणास वश झाला नाही. पडला तो १७५६ च्या फेब्रुवारीत. तुळाजी आंग्रे व पेशवे यांचे वितुष्ट आले, पेशव्यांनी इंग्रजांशी संधान बांधले, आणि वॉटसन व क्लाइव्ह समुद्रावरून चालून आले. आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच जिंकलेले एक जहाज तेथे नांगरून होते. त्यावर तोफेचा गोळा पडून आग लागली, ती शेजारच्या गुराबांवर गेली, आणि मराठ्यांचे सर्वांत बलाढ्य आरमार काही तासांत जळून गेले. वाटाड्ये विजयाच्या कथा रंगवून सांगतात. मुलांना ही कथाही सांगावी. घरच्या भांडणात परका बोलावला म्हणजे काय होते, यासाठी याहून बोलका दाखला आपल्या किनाऱ्यावर नाही.

याच किल्ल्यात एक ओटा दाखवून, येथून १८६८ सालच्या ग्रहणात लॉकियर साहेबाने हेलियम वायूचा शोध लावला, असे सांगण्याची चाल पडली आहे. ही गोष्ट खरी नाही. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास ग्रहण हिंदुस्थानात दिसले हे खरे, आणि जान्सेन नावाच्या फ्रेंच विद्वानाने त्याचे महत्त्वाचे निरीक्षण केले, परंतु ते गुंटूरहून. लॉकियर त्या दिवसांत इंग्लंडात होता, आणि सूर्यप्रकाशातील ती रेषा त्याने तेथूनच ऑक्टोबरात पाहिली. विजयदुर्गास स्वतःचा मान इतका आहे, की उसन्या मानाची त्यास गरज नाही. संतांच्या चरित्रातही भाविक लोक अशी भर घालतात, आणि त्याने संत मोठा होत नाही.

पश्चिमेची देवगडची वाट आपणांस परिचित आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. कुणकेश्वराचे देऊळ अगदी लाटांच्या कुशीत उभे आहे. वादळात सापडलेल्या एका अरब व्यापाऱ्याने नवस फेडण्यासाठी ते बांधले, अशी दंतकथा आहे. दंतकथाच, परंतु परधर्मी माणसाच्या नावे देवळाचे श्रेय देणारी दंतकथा ज्या लोकांनी जपली, त्यांचे मन पाहावे. तेथे गेल्यास पादत्राणे बाहेर ठेवावीत, मोठ्याने बोलू नये. आपल्या चर्चमध्ये पाहुण्याने जसे वागावे असे आपणांस वाटते, तसे आपण तेथे वागावे.

वाटेवर आंब्याच्या बागा लागतात. कातळावर सुरुंग लावून खड्डे पाडावयाचे, दुरून माती आणून भरावयाची आणि त्यात कलम लावावयाचे, असा हा उद्योग आहे. हापूस हे नाव पोर्तुगीज आफोन्सो या नावाचा अपभ्रंश होय. आफोन्सो द अल्बुकर्क याच्यावरून ते पडले असे सांगतात. काजूही पोर्तुगीजांच्या जहाजांतून ब्राझीलहून आला. आज ही झाडे नसती तर आपल्या वाडीची ओळखच पटली नसती. बाहेरून आलेले म्हणून या मातीने कोणास नाकारले नाही, ही गोष्ट ख्रिस्ती माणसाने विशेषे ध्यानात धरावी.

दक्षिणेस मालवण तालुक्यात कुडोपी येथे कातळावर माणसांच्या व प्राण्यांच्या आकृती कोरलेल्या आहेत. त्या कोणी व केव्हा कोरल्या यावर विद्वानांचा काथ्याकूट चालू आहे, परंतु त्या फार प्राचीन आहेत. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत रत्नागिरी व गोव्याच्या कातळशिल्पांबरोबर त्यांचेही नाव घातले गेले. तेथे जाल तर आकृतीवर पाय देऊ नये आणि खडूने रेघा ओढू नयेत.

आणि शेवटी मालवणचा जलदुर्ग. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याची पायाभरणी केली. सुमारे अठ्ठेचाळीस एकरांचा विस्तार आणि तीन किलोमीटरांच्या आसपास नागमोडी तट. १७६५ साली इंग्रजांनी तो घेऊन त्यास फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले. ते नाव आज कोणास ठाऊकही नाही. आत दूधबाव, दहीबाव व साखरबाव अशा तीन विहिरी आहेत. भोवती खारा समुद्र आणि आत गोडे पाणी! राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिरही तेथेच आहे. ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून नोंदले गेले, त्यांत आपल्या जिल्ह्याचे दोन, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. जगाने नोंद घेतली आहे. आपण घ्यावयाची राहिली आहे.

माझा विचार असा, की पावसाळा सरल्यावर एका रविवारी पहिल्या मिस्सेनंतर मालवणास जावे. प्रत्येक घरातून एक म्हातारे माणूस आणि एक मूल असे दोघे यावे. मधल्यांना काम असल्यास त्यांनी घरी राहिले तरी चालेल. पावसाळ्यात होड्या बंद असतात, म्हणून त्याआधी घाई करू नये. तट उन्हात तापतो, तेव्हा डोक्यास काहीतरी असावे, भाकरी बांधून घ्यावी, आणि होडीवाल्यास देण्यासाठी सुटे पैसे जवळ ठेवावेत.