मुंबईचा पाहुणा

पेण-रोह्याकडचा मनुष्य मुंबईस जातो तो बहुधा कामाकरितां. कोणी परळच्या इस्पितळांत आप्ताला दाखवावयास नेतो, कोणी हायकोर्टाची तारीख गांठतो, कोणी लग्नाचा बस्ता बांधावयास दादरला उतरतो. काम झालें कीं मिळेल ती गाडी धरून तो परततो आणि ओटीवर टेकतां टेकतां म्हणतो, "मुंबई पाहावी ती लांबूनच!" घरांतल्या वडीलधाऱ्या बायकांची गत याहून वेगळी. लेकाच्या संसारासाठीं त्या चार-चार महिने मुंबईंत राहतात. पण त्यांची मुंबई म्हणजे एक स्वयंपाकघर, एक गॅलरी आणि इस्पितळाचा जिना. चौपाटीवरचा वारा एकदांही अंगावर न घेतलेल्या अशा कितीतरी आया रोह्याच्या आळीआळींत भेटतील.

यांत दोष शहराचा नाहीं आणि पाहुण्याचाही नाहीं. मुंबई पाहण्याची एक रीत आहे. मुरलेल्या मुंबईकराला ती ठाऊक असते, पण सांगण्याचें त्याला सुचत नाहीं.

पहिली गोष्ट वेळेची. धरमतरच्या खाडीकांठच्या माणसाला भरती-ओहोटी शिकवावी लागत नाहीं. मुंबईच्या गर्दीलाही तशीच भरती-ओहोटी आहे. सकाळीं आठ ते अकरा ती दक्षिणेकडे, कोटाकडे धांवते. संध्याकाळीं पांच ते नऊ ती माघारी फिरते. पनवेलीस उतरून हार्बरची लोकल धरणाऱ्यानें सातच्या आधीं निघावें, नाहीं तर अकरानंतर. सोबत म्हातारें माणूस असल्यास भरलेली गाडी खुशाल सोडावी. दुसरी मागून येतेच. डब्यावरची खूण वाचल्याशिवाय चढूं नये. पहिल्या वर्गाचा डबा आणि साधा डबा यांतला फरक नवख्याला दिसत नाहीं, तपासनिसाला मात्र तो चटकन् दिसतो. उतरावयाचें स्थानक येण्यापूर्वींच दाराकडे सरकावें आणि पुढच्यास "आपण उतरणार का?" असें विचारावें. लोकलमधला हा शिष्टाचारच होय. रविवारीं रुळांच्या दुरुस्तीसाठीं बऱ्याच गाड्या बंद असतात. आदल्या दिवशीं वर्तमानपत्र पाहून ठेवावें.

दुसरी गोष्ट, एका दिवसांत एकच भाग पाहावा आणि तो पायीं पाहावा. बोरीबंदरापासून आरंभ करावा. १६ एप्रिल १८५३ रोजीं ठाण्याकडे जाणारी पहिली आगगाडी येथूनच सुटली. स्थानकाची आजची इमारत १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत उभी राहिली व २००४ सालीं ती जागतिक वारशांत गणली गेली. रोज हजारों लोक तिच्या पोटांतून धांवत जातात, पण तिचें तोंड पाहत नाहींत. पाहुण्यानें रस्ता ओलांडून समोर उभें राहावें आणि दगडांत कोरलेले पशुपक्षी व पानेंफुलें न्याहाळावीं. पुढें हुतात्मा चौक लागतो. त्याच्या जवळच विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आहे. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगींतून १८७८ सालीं पुरा झालेला हा मनोरा त्यांच्या मातेचें नांव धारण करून आहे. वस्तुसंग्रहालय आणि १९२४ सालचें गेटवे ऑफ इंडिया हीं दोन्हीं जॉर्ज विटेट यांचीं कामें. संग्रहालयाचा घुमट पाहतांना विजापूरचा गोल घुमट आठवावा. ही सारी वाट दोन मैलांच्या आंतबाहेरची आहे. याच कोटांत रिझर्व्ह बँक आहे. तिचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९४३ सालीं नेमलेले चिंतामणराव देशमुख, हे रोह्याच्या घराण्यांतले. हें ठाऊक असलें म्हणजे रोहेकराला त्या रस्त्यावर परकें वाटण्याचें कारण उरत नाहीं.

गेटवेहून लाँचेनें तासाभरांत घारापुरीस जातां येतें. लेण्यांतली महेशमूर्ति पाहून आलेला पेणकर "मुंबई पाहिली" असें म्हणतो. वस्तुतः तें बेट त्याच्याच रायगड जिल्ह्यांतलें! सोमवारीं लेणीं बंद असतात आणि भायखळ्याची राणीची बाग बुधवारीं. मुलांना घेऊन दारापाशीं हिरमुसण्यापेक्षां हें आधींच ध्यानांत ठेवलेलें बरें.

वाट विचारतांना रस्त्याचें नांव न घेतां ठिकाणाचें घ्यावें. पाटीवर महात्मा जोतिबा फुले मंडई असली तरी लोकांच्या तोंडीं अद्याप क्रॉफर्ड मार्केटच आहे. दोन्हीं नांवें माहीत असावीं. विचारावें तें दुकानदारास किंवा पोलिसास. मुंबईकर चालतां चालतां तुटक उत्तर देतो; त्यांत उद्धटपणा नसून लोकल चुकण्याची धास्ती असते.

सर्वांत नाजूक गोष्ट यजमानाच्या घराची. तेथें खोल्या दोन, माणसें सहा आणि नळाला पाणी ठराविक वेळीं. येण्याचा दिवस आधीं कळवावा, सकाळच्या घाईंत न्हाणीघर अडवूं नये आणि जातांना पेणचे पोहे-पापड न्यावेत. त्या घरांत त्यांची वाट पाहिली जाते. यजमानाला आपल्याबरोबर बाहेर काढावें, हें तर फारच उत्तम. वीस वर्षें कोटांत नोकरी करून संग्रहालयाची पायरी न चढलेले मुंबईकर थोडेथोडके नाहींत. पाहुण्याच्या निमित्तानें त्यांनाही त्यांचें शहर दिसतें.

भाद्रपदांत येणाऱ्यानें गिरगांवांत जावें. तेथील केशवजी नाईक चाळीचा सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ पासूनचा. त्या दिवसांत मुंबईच्या घराघरांत ज्या मूर्तींपुढें निरांजन लागतें, त्यांतल्या कितीतरी पेण, हमरापूर, जोहें येथल्या कारखान्यांत घडलेल्या असतात. ज्या हातांनीं त्यांचे डोळे रेखले, त्या हातांच्या माणसानें या शहरांत बिचकत कां हिंडावें?

आणि मुंबईंतल्या लेकानें एवढें करावें. आई आली असतां एखाद्या दिवशीं इस्पितळाची फाईल घरीं ठेवावी, दुपारच्या रिकाम्या गाडीनें तिला चर्नीरोडला उतरवावें आणि दिवेलागणीपर्यंत चौपाटीच्या वाळूंत बसूं द्यावें. त्याला खर्च फारसा नाहीं. एक संध्याकाळ मात्र मोकळी काढावी लागते.