वरातीच्या घोडीचं पोट

(नभोवाणीवरील भाषण)

लग्नसराई तोंडावर आली की कामठीतल्या घोडीवाल्यांची लगबग सुरू होते. झूल धुऊन निघते, खोगिराला नवी झालर लागते, कवड्यांच्या माळा पेटीतून बाहेर येतात. या गावाला घोड्यांची सवय जुनी आहे. 1821 साली इंग्रजांनी कन्हान नदीच्या काठी छावणी वसवली. घोडदळ आलं, तोफा ओढणारे घोडे आले आणि त्यांच्या मागोमाग नालबंद, मोतद्दार, खोगीर शिवणारे आले. पुढे नागपूर-कामठी रस्त्यावर टांगे धावले. पलटणीचे घोडे गेले, टांगेही गेले. राहिली ती वरातीची घोडी. आज तिच्या पोटाविषयी, नेमकं सांगायचं तर जठरात होणाऱ्या अल्सरविषयी बोलणार आहे.

घोड्याला कसला अल्सर, असं पुष्कळांना वाटतं. पण सरावातल्या शर्यतीच्या घोड्यांच्या पोटात दुर्बीण घालून अनेक देशांत पाहिलं गेलं, तेव्हा बहुतेक ठिकाणी दहातल्या आठ-नऊ घोड्यांत या जखमा सापडल्या. वरातीची घोडी काही शर्यत धावत नाही. पण अल्सर व्हायला धावावंच लागतं असं नाही. उपाशी उभं राहिलं तरी पुरतं.

याचं कारण घोड्याच्या घडणीत आहे. मोकळा सोडलेला घोडा दिवसरात्र मिळून चौदा-सोळा तास चरतो. थोडं खातो, पण सतत खातो. म्हणून त्याचं जठरही लहान असतं. एवढ्या मोठ्या जनावराचं जठर जेमतेम आठ ते पंधरा लिटरचं. त्यात आम्ल सुटतं ते बंद न होणाऱ्या नळासारखं. खाणं समोर असो वा नसो, दिवस असो वा रात्र, आम्ल पाझरतच राहतं. त्याचा उतारा म्हणजे लाळ. लाळेत सोड्याच्या जातीचा क्षार असतो, तो आम्ल मारतो. पण घोड्याची लाळ चघळतानाच सुटते, अन्न नुसतं दिसून किंवा वासाने नाही. तोंड थांबलं की लाळ थांबली. आम्ल मात्र चालूच.

त्यात जठराचा वरचा, साधारण एक तृतीयांश भाग उघडा पडलेला असतो. खालच्या भागाला बुळबुळीत स्रावाचं संरक्षण आहे, वरच्याला ते नाही. पोटात वैरणीचा थर असेल तर आम्ल खाली राहतं. पोट रिकामं असताना घोडी दुडकी चालली, नाचवली, तर पोटाच्या दाबाने तेच आम्ल वर उसळतं आणि नाजूक अस्तर भाजून काढतं. प्रयोगात घोड्यांची वैरण एक दिवसाआड काढून घेतली, तेव्हा आठवडाभरात जठरात जखमा उमटलेल्या दिसल्या.

आता वरातीच्या घोडीचा दिवस पाहा. दुपारी चारला तिला सजवायला घेतात. लीद पडून झूल खराब होऊ नये म्हणून दुपारनंतर वैरण बंद. टेम्पोत चढवून नागपूरला नेतात. मंडपाबाहेर दोन तास ताटकळत उभी. मग डीजे, फटाके, नाचणारी पोरं. वरात दोन फर्लांग जायला दोन तास घेते. घरी परत येईतो मध्यरात्र. तोवर आठ-नऊ तास तिच्या तोंडात काडी नाही, बहुतेकदा पाण्याचा घोटही नाही. आणि मालक प्रेमाने काय पुढ्यात ठेवतो? भिजवलेल्या चण्यांची पाटी!

हे चण्यांचं प्रेम मला समजतं. पागेच्या काळापासून घोड्याची ऐपत चंदीवर, म्हणजे दाण्यावर, मोजली गेली. ज्याचा घोडा दाणा जास्त खातो तो मालक दिलदार, असा आपला हिशेब. त्यात वैरणीला कोणी किंमत देत नाही. पोटाच्या बाजूने पाहिलं तर हा हिशेब उलटा आहे. एक किलो वाळलेलं गवत खायला घोडा पाऊण तास घेतो आणि तीन हजारांहून जास्त वेळा चघळतो. तेवढंच धान्य तो दहा मिनिटांत, हजारेक चघळण्यांत संपवतो. म्हणजे धान्याने लाळ कमी सुटते. शिवाय धान्यातला स्टार्च जठरात आंबतो, त्यातून निघणारी आम्लं अस्तराला आणखी इजा करतात.

मागच्या लग्नसराईत कामठीची एक पांढरी घोडी माझ्याकडे तपासायला आणली होती. मालकाची तक्रार अशी, की तंग आवळायला गेलं की वळून चावायला येते. पूर्वी लेकरू खोगीर टाकत होतं. मी खाण्याचं विचारलं. ते म्हणाले, "साहेब, चणे ठेवले तर दोन तोंडं मारते अन् मान फिरवते. कुटार मात्र ओढून ओढून खाते. नजर लागली म्हणून मिरच्याही उतरवल्या." बरगड्या मोजता येत होत्या, अंगावरची तकाकी गेली होती. खाल्ल्यानंतर थोड्या वेळाने ती मागचा पाय पोटाकडे उचलायची, वळून कुशीकडे पाहायची. घोड्याला ओकारी येत नाही, बोलता येत नाही. तो सांगतो ते असं. चणे टाकून वैरण निवडणारी घोडी नखरे करत नसते.

पण एवढ्यावरून अल्सर म्हणून मोकळं होऊ नये. घोडी वाळते ती दातांच्या धारांमुळे, जंतांमुळे, चावऱ्या माशांमुळे पसरणाऱ्या सर्रा रोगामुळेही. म्हणून आधी दात पाहावेत, लीद आणि रक्त तपासावं. अल्सर खात्रीने दाखवणारी परीक्षा एकच, जठरातली दुर्बीण. माणसाची तिथं पुरत नाही. घोड्याला तीन मीटर लांबीची लागते आणि आधी पोट रिकामं ठेवावं लागतं. तालुक्याच्या दवाखान्यात ती नसते. तेव्हा लक्षणं जुळली, बाकीची कारणं वगळली, तर डॉक्टर उपचार सुरू करून गुण येतो का ते पाहतात. त्यात कमीपणा काही नाही. नागपूरला सेमिनरी हिल्सवर 1958 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. अवघड जनावर तिथं नेताना कामठीकरांनी आळस करू नये.

औषधाचं नाव बहुतेकांना ठाऊक आहे, कारण ते घराघरांत असतं: ओमेप्राझोल. इथंच मोठा घोळ होतो. आपल्या कपाटातल्या दोन कॅप्सूल फोडून गुळात कालवून घोडीला देतात आणि गुण आला नाही म्हणतात. कसा येणार? घोड्यांसाठी केलेल्या पेस्टचा उपचाराचा डोस दर किलो वजनाला 4 मिलिग्रॅम आहे. तीनशे किलोच्या घोडीला दिवसाला 1200 मिलिग्रॅम झाले. माणसाची नेहमीची कॅप्सूल 20 मिलिग्रॅमची; तुम्ही दिलेत 40. दुसरं, हे औषध आम्लातच नासतं, म्हणून कॅप्सूलमधल्या दाण्यांवर लेप असतो. घोडी ते दाणे चघळते, लेप फुटतो, औषध जठरात वाया जातं. म्हणून घोड्यासाठी वेगळी पेस्ट असते. ती सकाळी रिकाम्या पोटी द्यायची आणि अर्ध्या-पाऊण तासाने वैरण टाकायची. साधारण चार आठवडे चालवावी लागते. आठवड्यात घोडी खायला लागली म्हणून औषध बंद करू नका, आणि संपवतानाही डॉक्टरला विचारून हळूहळू उतरवा; एकदम थांबवलं की आम्ल जोराने उसळतं. जखम जठराच्या खालच्या भागात असेल तर ती उशिरा भरते. तिथं सुक्राल्फेट जोडीला द्यावं लागतं. स्वयंपाकाच्या सोड्याने घटकाभर बरं वाटतं, पुन्हा जैसे थे.

आणखी एक गोष्ट बजावून सांगतो. डांबरी रस्त्यावर चालून घोडी लंगडते. पुढची वरात ठरलेली असते, मग दुखण्यावरची गोळी किंवा इंजेक्शन देऊन तिला उभी करतात. फेनिलब्युटाझोन, फ्लुनिक्सिन ही औषधं कामाची आहेत, पण ती जठराचं संरक्षणच काढून घेतात. उपाशी, पाणी न प्यालेल्या घोडीला ती वरचेवर दिली तर अल्सरचा धोका वाढतो, आणि मूत्रपिंडही जाऊ शकतं. डायक्लोफिनॅक तर 2006 पासून जनावरांसाठी बंदच आहे. ती बंदी गिधाडांसाठी आली, तरी माणसांच्या दुकानातून ते आणून टोचणारे अजून भेटतात. लंगडी घोडी वरातीला नेऊ नये. बयाणा परत करावा लागला तरी चालेल.

आता टाळायचं कसं, तर त्याचं उत्तर औषधाच्या दुकानात नाही. तीनशे किलोच्या घोडीला दिवसाला किमान पाच किलो वाळली वैरण हवी, सहा दिलीत तर उत्तम. ती एकदाच ओतू नका. दिवसातून चार-पाच वेळा टाका, आणि दोन खाण्यांत सहा तासांहून जास्त अंतर पडू देऊ नका. बारीक छिद्रांच्या जाळीत भरून टांगली तर घोडी सावकाश खाते, नासाडीही होत नाही. रात्रीची वैरण विसरू नका. तबेल्याचा दिवा विझला म्हणून आम्ल थांबत नाही. नुसत्या गव्हांड्यावर घोडी ठेवू नका. डेन्मार्कमध्ये शर्यतीत न धावणाऱ्या घोड्यांची पाहणी झाली, तेव्हा केवळ काडावर ठेवलेल्या घोड्यांत अल्सर जास्त आढळला. ज्यांना मोकळ्या जागेत पाणी मिळत नव्हतं त्यांच्यातही तोच प्रकार. आपल्याकडे वाळलेलं पवना-मारवेलचं गवत मिळतं, कडबा मिळतो. त्यात गव्हांडा मिसळायला हरकत नाही. कोवळी हिरवी ज्वारी मात्र नको, ती विषारी ठरू शकते. थोडा लसूणघास घातला तर सोन्याहून पिवळं, त्यातलं कॅल्शियम आम्ल शमवतं.

चणे बंद करा असं मी म्हणत नाही. एका वेळी अर्धा किलो, फार तर पाऊण. दिवसाकाठी दीड किलोच्या आत. मका त्याहून कमी, कारण त्यात स्टार्च जास्त. आणि आधी वैरण, मग दाणा; हा क्रम उलटू देऊ नका.

वरातीच्या दिवशी घोडी सजवण्याआधी तिला दीड-दोन किलो वैरण सावकाश खाऊ घाला. झूल खराब होईल ही भीती सोडा. पोटात वैरणीचा थर असलेली घोडी वाजंत्रीतही शांत उभी राहते, असा माझा अनुभव आहे. टेम्पोत पाण्याची कॅन आणि एक तोबरा असू द्या, पण त्यात चणे नकोत, गवत भरा. मंडपाबाहेर ताटकळताना लगाम सैल करून तोबरा चढवला तर अर्ध्या तासात तिचं काम होतं. दिवसात दोन वराती धरत असाल तर मधला वेळ खाण्याचा समजा. वरात नसेल त्या दिवशी कन्हानकाठी मोकळी चरू द्या.

ज्यांच्या घरी लग्न आहे त्या श्रोत्यांनाही एक विनंती. घोडी ठरवताना फक्त भाडं आणि तुरा ठरवू नका. नवरदेव खाली उतरला की घोडीवाल्याला ताटकळत ठेवू नका. त्याला सावलीची जागा आणि पाण्याची बादली द्या, आणि तो पेंढी सोडत असेल तर "आता कचरा होईल" म्हणून त्याच्यावर ओरडू नका.