गोलरक्षकाचे माप



मैदानावरील हॉकी आपल्या चांगल्या परिचयाची आहे. कॅनडाच्या लोकांना प्राणप्रिय असलेली हॉकी मात्र बर्फावर खेळली जाते. सहा फूट रुंद व चार फूट उंच गोलापुढे एक गोलरक्षक उभा असतो आणि कठीण रबराची चकती त्याच्यावर वेगाने येत असते. या माणसाचे कर्तृत्व मोजावे कसे?

जुनी रीत सोपी होती. साठ मिनिटांच्या खेळामागे किती गोल झाले, एवढेच पाहावयाचे. माँट्रिऑलचे गोलरक्षक जॉर्ज व्हेझिना १९२६ साली क्षयाने निवर्तले. त्यांच्या नावाचा करंडक १९८१ पर्यंत सर्वांत कमी गोल होऊ देणाऱ्या संघाच्या गोलरक्षकाला मिळत असे.

यात एक अन्याय दडलेला होता. समजा, एकावर वीस फटके आले व दोन गोल झाले. दुसऱ्यावर चाळीस आले व तीन झाले. जुन्या हिशेबाने पहिला श्रेष्ठ ठरतो. पण पहिल्याने शेकडा नव्वद फटके अडविले, तर दुसऱ्याने साडेब्याण्णव! पहिल्याचे यश त्याच्या साथीदारांनी आधीच अर्धे राखले होते. म्हणून पुढे अडविलेल्या फटक्यांच्या टक्केवारीला महत्त्व आले. १९९८-९९ च्या हंगामात बफेलोच्या डॉमिनिक हाशेक यांनी हजारामागे ९३७ फटके परतविले, तेव्हा त्यांची थोरवी आकड्यांतही उमटली.

तरीही सारे फटके सारखे नसतात. दुरून सरळ आलेला फटका वेगळा आणि दोन हातांवरून अचानक बसलेला वेगळा. आता पूर्वीच्या हजारो फटक्यांवरून, अंतर व कोन पाहून, प्रत्येक फटक्याचा गोल होण्याचा संभव काढतात. संभवाप्रमाणे पाच गोल व्हावयाचे असता तीनच झाले, तर दोन गोल गोलरक्षकाने वाचविले असे मानतात.

दैवाचा वाटा मात्र उरतोच. पंधराशे फटक्यांत शेकडा ९१ आणि ९२ यांतील अंतर अवघ्या पंधरा गोलांचे. निव्वळ योगायोगानेही दहा-अकरा गोल इकडचे तिकडे होऊ शकतात. एका हंगामावरून कोणाला डोक्यावर घेणे वा घरी बसविणे म्हणूनच उतावळेपणाचे होय.

क्रिकेटमध्ये झेल सुटला तरी पुढच्या धावा गोलंदाजाच्याच नावावर चढतात, हे आपण जाणतोच. किती गेले हे मोजण्याआधी वाट्याला काय आले होते, हे मोजावे. हिशेबाला न्यायाची जोड मिळते ती तेथेच.