व्यसनोपचार, एचआयव्ही प्रतिबंध आणि विद्यापीठांचे सहकार्य



प्राथमिक आरोग्य केंद्रात पोटदुखी, निद्रानाश किंवा पडून झालेली जखम घेऊन येणाऱ्या अनेक रुग्णांच्या दुखण्यामागे दारू असते. वैद्यकीय अधिकाऱ्याच्या ते ध्यानात येते. तो चार समजुतीचे शब्द सांगतो आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन उपचार घेण्यासाठी चिठ्ठी लिहून देतो. चिठ्ठी दिल्याची नोंद होते. पण तो रुग्ण पुढे तेथे पोहोचला की नाही, याची नोंद बहुधा कोठेच सापडत नाही. आजच्या विषयाचे मर्म या न झालेल्या नोंदीत आहे. एका दारातून दुसऱ्या दाराकडे पाठविलेली माणसे वाटेत कोठे आणि किती हरवतात, हे मोजण्याचे काम आरोग्य केंद्राला एकट्याने झेपणारे नाही. ते विद्यापीठाने त्याच्या बरोबरीने केले, तर उपचाराची रीतच कशी बदलू शकते, याची काही उदाहरणे येथे मांडावयाची आहेत.

प्रश्नाचे स्वरूप

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ वर्षे वयोगटातील सुमारे १६ कोटी व्यक्ती मद्यपान करीत होत्या आणि ५ कोटी ७० लाखांहून अधिक व्यक्तींना मद्यपानापायी उद्भवलेल्या समस्यांसाठी मदतीची गरज होती. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी अवघ्या एकाला काहीतरी उपचार मिळाल्याचे या पाहणीत आढळले. उरलेले ३७ जण आपल्याच गावात, कारखान्यात आणि कुटुंबात वावरत असतात.

एचआयव्हीचा प्रश्न याच प्रश्नाशी जोडलेला आहे. मादक द्रव्य टोचून घेणारे लोक एकच सुई आळीपाळीने वापरतात, तेव्हा सुईत राहिलेल्या रक्ताबरोबर विषाणू एकाच्या शरीरातून दुसऱ्याच्या शरीरात जातो. मणिपूरमध्ये १९८९-९० च्या सुमारास याचा दारुण अनुभव आला. म्यानमारच्या सीमेवरून येणारे हेरॉइन टोचून घेणाऱ्या तरुणांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण काही महिन्यांच्या अवधीत शून्यावरून सुमारे ५० टक्क्यांवर गेले. दारूचा मार्ग वेगळा आहे. नशेत सावधगिरी सुटते आणि असुरक्षित शरीरसंबंध घडतात. ज्याला आधीच लागण झालेली आहे त्याच्या रोजच्या औषधांत खंड पडतो. म्हणून व्यसनोपचार केंद्र हे एचआयव्ही प्रतिबंधाचेही केंद्र असले पाहिजे, हा विचार जगभर मान्य झाला आहे. तो प्रत्यक्षात आणताना मात्र मतभेद होतात, आणि ते मिटविण्यासाठी पुराव्याची गरज पडते.

न्यू हेवनमधील प्रयोग

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात येल विद्यापीठाचे गाव असलेल्या न्यू हेवन शहरात १९८० च्या दशकात टोचून नशा करणाऱ्यांत एचआयव्हीची लागण झपाट्याने पसरत होती. डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून सुई बाळगणे तेथे गुन्हा होता. साहजिकच सुया थोड्या आणि त्या वापरणारे हात पुष्कळ, अशी स्थिती होती. वस्त्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचे म्हणणे होते की, वापरलेली सुई परत घेऊन स्वच्छ सुई द्यावी. विरोधकांचे म्हणणे होते की, असे करणे म्हणजे व्यसनाला सरकारी हातभार लावणे होय. दोन्ही बाजूंची कळकळ खरी होती. पण पुरावा कोणाजवळच नव्हता.

१९९० मध्ये राज्याच्या विधिमंडळाने प्रायोगिक तत्त्वावर परवानगी दिली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये शहराच्या आरोग्य खात्याची गाडी वस्त्यांमधून फिरू लागली. मूल्यमापनाचे काम येल विद्यापीठाने घेतले. गणिती पद्धतींचे अभ्यासक एडवर्ड कॅप्लन आणि वैद्यकीय विद्याशाखेतील रॉबर्ट हायमर यांनी एक साधी युक्ती योजली. माणसांना प्रश्न विचारून त्यांच्या उत्तरांवर सर्वस्वी विसंबण्याऐवजी त्यांनी सुईलाच साक्षीदार केले. दिलेल्या प्रत्येक सुईवर खुणेचा क्रमांक घातला गेला. परत आलेल्या सुयांपैकी काही प्रयोगशाळेत तपासून त्यांत विषाणूचा अंश आहे काय, ते पाहण्यात आले. गाडीवर येणाऱ्याला खरे नाव सांगण्याचे बंधन नव्हते.

प्रारंभी रस्त्यावरून जमा झालेल्या सुयांपैकी सुमारे दोन तृतीयांश सुयांत विषाणूचा अंश होता. पुढील महिन्यांत परत येणाऱ्या सुयांत हे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले. सुई जितका कमी काळ हातोहात फिरते, तितकी तिच्यातून लागण होण्याची संधी कमी होते, हे त्यामागील कारण होते. या माहितीवरून केलेल्या गणितानुसार, सहभागी झालेल्या व्यक्तींतील नव्या लागणीत सुमारे ३३ टक्के घट झाली असावी, असा अंदाज निघाला. शिवाय ही गाडी अनेकांसाठी उपचाराची पहिली पायरी ठरली. सुई बदलण्यासाठी आलेली माणसे व्यसन सोडण्यासाठी मदत मागू लागली. १९९२ मध्ये कनेक्टिकटने कायदा बदलला आणि औषधांच्या दुकानांतून चिठ्ठीवाचून मर्यादित संख्येने सुया घेण्यास मुभा दिली. कार्यकर्त्यांनी प्रश्न दिला, विद्यापीठाने मोजमाप दिले आणि लोकप्रतिनिधींनी निर्णय घेतला. ज्याचे त्याचे काम ज्याने त्याने केले, हे या प्रयोगाचे खरे यश होय.

भागीदारीची व्यवस्था

एका शहरातील सहकार्य कायमची व्यवस्था बनविण्याचा प्रयत्न पुढे अमेरिकेत झाला. तेथील वैद्यक संस्थेने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात संशोधन आणि प्रत्यक्ष उपचार यांच्यातील दरीवर बोट ठेवले होते. विद्यापीठांत सिद्ध झालेल्या उपचारपद्धती वस्तीतील केंद्रांपर्यंत पोहोचत नव्हत्या आणि केंद्रांना भेडसावणारे प्रश्न विद्यापीठांच्या कानी पडत नव्हते. १९९९ मध्ये राष्ट्रीय मादक द्रव्य संशोधन संस्थेने चिकित्सा-चाचण्यांचे एक जाळे उभारले. त्याच्या प्रत्येक विभागात एक विद्यापीठीय संशोधन केंद्र आणि त्याला जोडलेली अनेक स्थानिक उपचारकेंद्रे होती. जाळ्याच्या संचालन समितीत प्राध्यापकांबरोबर उपचारकेंद्रांच्या प्रतिनिधींनाही स्थान देण्यात आले. कोणता प्रश्न अभ्यासावयाचा, हे ठरविण्यात केंद्रांचाही वाटा असावा, हा त्यामागील हेतू.

या जाळ्याने केलेला एक अभ्यास आपल्या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. व्यसनोपचार घेणाऱ्या व्यक्तींना एचआयव्हीची चाचणी करून घेण्यासाठी दुसरीकडे पाठवावे, की चाचणी उपचारकेंद्रातच करावी? १२ उपचारकेंद्रांतील १,२८१ व्यक्तींचे तीन गट करण्यात आले. कोणी कोणत्या गटात जावयाचे, हे कोणाच्याही मर्जीवर न ठेवता योगायोगावर सोपविण्यात आले. पहिल्या गटाला बाहेरच्या चाचणी केंद्राचा पत्ता देण्यात आला. उरलेल्या दोन गटांना केंद्रातच त्वरित चाचणीची सोय मिळाली; त्यांपैकी एकाला जोडीला धोका टाळण्याविषयी समुपदेशन आणि दुसऱ्याला केवळ आवश्यक माहिती देण्यात आली.

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष स्पष्ट होते. जेथल्या तेथे चाचणीची सोय मिळालेल्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक व्यक्तींना महिन्याभरात आपला निकाल कळला. बाहेर पाठविलेल्यांत हे प्रमाण सुमारे १८ टक्के राहिले. मनुष्यस्वभाव तोच, केंद्रे तीच, चाचणी विनामूल्य. फरक एवढाच की, पहिल्या गटाला आणखी एक दार शोधावे लागले.

याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष तितकाच महत्त्वाचा आहे. ज्यांना समुपदेशन मिळाले आणि ज्यांना केवळ माहिती मिळाली, त्यांच्या असुरक्षित शरीरसंबंधांच्या प्रमाणात सहा महिन्यांनी लक्षणीय फरक आढळला नाही. चाचणीच्या वेळचे छोटे समुपदेशन वर्तन बदलते, अशी अनेकांची दृढ श्रद्धा होती. ती या कसोटीला उतरली नाही. त्यानंतर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात एचआयव्ही आणि व्यसन दोन्हींनी ग्रस्त अशा ८०१ रुग्णांना रुग्णालयातून घरी गेल्यावर मार्गदर्शक सोबती देऊन पाहण्यात आले; काहींना औषधोपचार चालू ठेवल्याबद्दल रोख पारितोषिकही मिळाले. मदत चालू असताना पारितोषिकाच्या गटात थोडा लाभ दिसला. मदत सहा महिन्यांनी थांबली आणि बारा महिन्यांच्या शेवटी गटागटांत फरक उरला नाही. सद्भावनेने केलेले सर्वच काम परिणामकारक असते असे नाही, आणि जे उपयोगी पडते तेही थांबविले की विरून जाते. असे अप्रिय निष्कर्ष झाकून न ठेवता प्रसिद्ध करणे, हेच विद्यापीठाच्या सहभागाचे मोल आहे.

गोव्यातील अनुभव

ही उदाहरणे दूरदेशीची आणि श्रीमंत राष्ट्राची आहेत, असा आक्षेप कोणी घेईल. त्यासाठी शेजारच्या गोव्याकडे पाहावे. १९९६ मध्ये स्थापन झालेली ‘संगत’ ही स्वयंसेवी संस्था आणि लंडन येथील आरोग्यशास्त्राचे विद्यापीठीय महाविद्यालय यांनी तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत दारूच्या प्रश्नावर एकत्र काम केले. मानसोपचारतज्ज्ञ मोजके आणि रुग्ण असंख्य, ही तेथली अडचण आपल्या ओळखीची आहे. म्हणून या क्षेत्राचे पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक व्यक्तींना समुपदेशनाचे प्रशिक्षण देण्यात आले. एकेका रुग्णाशी जास्तीत जास्त चार बैठका, त्याच्याच भाषेत संवाद आणि समुपदेशकांनी परस्परांच्या कामाचे केलेले परीक्षण, एवढेच तिचे भांडवल होते.

घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर या पद्धतीची चाचणी झाली आणि २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी आधीच्या १४ दिवसांत दारूला न शिवलेल्यांचे प्रमाण समुपदेशन मिळालेल्या गटात ४२ टक्के, तर दुसऱ्या गटात १८ टक्के होते. धोक्याच्या पातळीखाली आलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ३६ आणि २६ टक्के होते. वर्षभरानंतरही हा लाभ टिकून होता. अभ्यासकांनी मर्यादाही लपविल्या नाहीत. जे पीत राहिले त्यांचे दररोजचे प्रमाण घटल्याचे तीन महिन्यांच्या तपासणीत आढळले नाही, आणि घरातील हिंसेतही फरक दिसला नाही. म्हणजे पत्नीच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र व्यवस्था हवीच; नवऱ्याच्या चार बैठका पुरेशा नाहीत. ग्रामपंचायतीच्या महिला सदस्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानी घ्यावी.

येथे काय करता येईल

या सर्व अनुभवांतून एक सूत्र हाती येते. व्यसनी माणसाला सेवेच्या दारी पाठविण्यापेक्षा तो ज्या दाराशी आज उभा आहे, तेथेच सेवा आणावी. न्यू हेवनमध्ये ती गाडीतून गेली, अमेरिकेतील उपचारकेंद्रांत ती चाचणीच्या रूपाने आली, गोव्यात ती प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाकावर बसली. आणि ती खरोखर पोहोचली काय, हे प्रत्येक ठिकाणी मोजले गेले.

या दृष्टीने अधिकाऱ्यांना पहिले काम विनाखर्च करता येईल. दिलेल्या प्रत्येक चिठ्ठीपुढे ‘रुग्ण पोहोचला काय?’ असा एक रकाना नोंदवहीत असावा. वर्षाअखेर त्या रकान्याची बेरीज केली, तर सेवा कोठे हलवावयाची ते आपोआप कळेल. जवळचे विद्यापीठ किंवा वैद्यकीय महाविद्यालय यांना त्या बेरजेचा अर्थ लावण्यास बोलवावे. संशोधकांनीही तयार प्रश्नावली घेऊन येण्यापूर्वी परिचारिका, आशा स्वयंसेविका आणि व्यसनमुक्त झालेल्या व्यक्ती यांच्याकडून प्रश्न समजून घ्यावा, आणि निष्कर्ष प्रथम त्याच गावात येऊन सांगावेत.

शिक्षकांना राष्ट्रीय सेवा योजनेच्या मार्फत विद्यार्थ्यांना या कामात आणता येईल. मात्र कोणत्याही घराची वा व्यक्तीची नावानिशी यादी त्यांच्या हाती देऊ नये. २०१७ च्या एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियमानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि कायद्याने नेमलेले अपवाद वगळता कोणाची एचआयव्हीविषयक माहिती उघड करता येत नाही. गुप्ततेचा भंग झाला, तर माणूस पुन्हा त्या दाराकडे फिरकत नाही. गावात मदतीसाठी एचआयव्हीविषयी १०९७ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हे राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून ठेवावेत.

पंचायत सदस्यांवर एक जबाबदारी अधिक आहे. संशोधनाचे अनुदान ठरावीक मुदतीचे असते. मुदत संपली की प्रशिक्षित समुपदेशक निघून जातो आणि बाक रिकामे होते. मदत थांबली की लाभ ओसरतो, हे वरील अभ्यासातून दिसून आले आहे. म्हणून कोणत्याही प्रकल्पाचे स्वागत करतानाच त्याच्यानंतर हे काम कोण चालविणार, हा प्रश्न ग्रामसभेत विचारला जावा आणि त्याचे उत्तर ठरावात लिहिले जावे. विद्यापीठ मार्ग दाखवू शकेल आणि चुकलेली वाट चुकली म्हणून सांगू शकेल. ३८ पैकी उरलेल्या ३७ जणांसाठी दार उघडे ठेवण्याचे काम मात्र गावालाच करावे लागेल.