साडेतीनशे वर्षांचे घर आणि तीन दिवसांचे पिंप



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. ज्ञानसत्राच्या व्यासपीठावर मद्यगृहाचे काय काम, हा प्रश्न रास्त आहे. ज्या महाराष्ट्रात बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, तेथे तो विचारलाच पाहिजे. म्हणून आधीच सांगतो, मद्यपानाची वकिली करायला आम्ही उभे राहिलेलो नाही. दारूने धुळीला मिळालेले संसार इंग्लंडातही आहेत. आमचा प्रश्न निराळा आहे. एखादी जुनी सार्वजनिक गोष्ट जिवंत ठेवायची म्हणजे काय करायचे? त्याचे उत्तर शोधायला आपण लंडनमधल्या एका जुन्या पबात जाऊ.

पब म्हणजे पब्लिक हाउस, लोकांचे घर. थेम्स नदीच्या दक्षिण तीरावर सदर्क भागात 'जॉर्ज इन' नावाचे असे एक घर आहे. लंडन ब्रिज हीच शतकानुशतके शहरात शिरण्याची मुख्य वाट होती. रात्री पुलाची वेस बंद झाली की उशिरा पोचलेला वाटसरू अलीकडेच मुक्काम करी. त्यामुळे या रस्त्याला एकीला लागून एक पथिकाश्रम उभे राहिले. चॉसरचे यात्रेकरू जेथून कँटरबरीला निघाले ते 'टॅबर्ड' येथलेच, जॉर्जच्या शेजारचे. १६७६ साली सदर्कला मोठी आग लागली, तीत जॉर्ज जळाले. पुढच्याच वर्षी ते पुन्हा बांधले गेले. आज आपण पाहतो ती ही इमारत. डिकन्सने 'लिटल डॉरिट' कादंबरीत तिचा उल्लेख केला आहे.

बोळातून आत शिरले की फरसबंद अंगण लागते आणि एका बाजूला लाकडी सज्जे असलेली इमारत दिसते. वाड्याच्या चौकात वाढलेल्या माणसाला ही रचना परकी वाटत नाही. पूर्वी सज्जे अंगणाच्या तिन्ही बाजूंना होते आणि चौकात घोड्यांच्या डाकगाड्या उभ्या राहत. आगगाडी आली, डाकगाड्या बंद पडल्या, आणि जागा रेल्वे कंपनीच्या ताब्यात गेली. कंपनीने १८८९ मध्ये दोन बाजू पाडून टाकल्या. शेजारचे टॅबर्ड तर त्याआधीच जमीनदोस्त झाले होते. जॉर्जची उरलेली बाजू १९३७ साली नॅशनल ट्रस्टकडे आली आणि वाचली.

आत भिंतीवर एक भले मोठे जुने घड्याळ आहे. १७९७ साली इंग्लंडात घड्याळांवर कर बसला. लोक घरी घड्याळ ठेवीनात, तेव्हा पबातले घड्याळच साऱ्या वस्तीची वेळ सांगू लागले, असे म्हणतात. कर दुसऱ्याच वर्षी रद्द झाला, पण अशा घड्याळांना 'पार्लमेंटच्या कायद्याची घड्याळे' हे नाव चिकटले ते चिकटलेच.

आता तळघराकडे वळू, कारण आजच्या विषयाचा गाभा तेथे आहे. जवाला मोड आणून, वाळवून, पाण्यात उकळून, त्यात हॉप्सची कडू फुले घालून किण्वाने आंबवले की एल तयार होते. कारखान्यातले बहुतेक पेय गाळून, किण्व मारून, वर वायूचा दाब देऊन पाठवतात. ते आठवडेच्या आठवडे बदलत नाही. अस्सल एलचे तसे नाही. ते पिंपात भरताना किण्व जिवंत असते. दह्याच्या विरजणाप्रमाणे त्याचे काम पिंपातही चालूच राहते. पबचालक पिंप तळघरात आडवे ठेवतो, तोंडात सच्छिद्र लाकडाची खुंटी ठोकून जादा वायू बाहेर सोडतो, मग घट्ट खुंटी बसवतो आणि गाळ खाली बसू देतो. गाळ बसवण्यासाठी पुष्कळदा माशाच्या वायुपिशवीपासून केलेला पदार्थ घालतात. शाकाहारी मंडळींनी चौकशी करावी, आता तो न वापरणारेही आहेत. तळघर सुमारे १२ अंशांवर राखतात. इंग्रज कोमट बिअर पितो ही आपल्याकडची समजूत खरी नव्हे. ते पेय गार असते, बर्फासारखे नसते एवढेच. वरच्या फळीवर लाकडी दांडा ओढला की पेय हातपंपाने वर येते.

पण पिंप फोडले की त्यात हवा शिरते, आणि साधारण तीन दिवसांत चव उतरते. लहान पिंपात ९ गॅलन, म्हणजे ७२ पाइंट मावतात. रोज २४ पाइंट खपले तरच ते वेळेत संपते. गिऱ्हाईक घटले की पेय आंबट होते. आंबट झाले की गिऱ्हाईक आणखी घटते. १९६० नंतर मोठ्या कंपन्यांनी या कटकटीवर उपाय म्हणून दाबाची टिकाऊ बिअर सगळीकडे पसरवली. तेव्हा १९७१ साली चार तरुणांनी अस्सल एलसाठी 'कॅमरा' ही चळवळ सुरू केली. १९७४ पासून तिची मार्गदर्शिका छापून निघू लागली. कुठल्या पबात पिंप नीट राखले जाते हे सामान्य गिऱ्हाईकच जाऊन, चाखून कळवू लागले. सरकारी फर्मान नाही, अनुदान नाही. पारखून घेणाऱ्या माणसांनी ही वस्तू वाचवली.

तरीही पब बंद पडतच आहेत. दुकानातली स्वस्त बिअर, जागेचे भाडे, कर, बदललेल्या सवयी, अशी कारणे अनेक. पण त्याच सदर्कच्या हद्दीत, नन्हेड येथे, 'आयव्ही हाउस' नावाचा पब बांधकाम करणाऱ्याच्या हाती जाण्याच्या बेतात होता. रहिवाशांनी २०११ च्या कायद्याचा आधार घेऊन त्याची 'लोकोपयोगी मालमत्ता' म्हणून नोंद करवली. असा मान मिळालेला तो इंग्लंडातला पहिला पब. मग पैसा उभा केला आणि २०१३ साली पब स्वतःच विकत घेतला.

श्रोतेहो, भिंत एकदा विकत घेऊन वाचवता येते. पिंप मात्र दर तीन दिवसांनी नव्याने वाचवावे लागते, आणि ते काम कोणत्याही विश्वस्त मंडळाला जमत नाही. ते उंबरठा ओलांडून आत येणाऱ्यांनीच करायचे असते. जॉर्ज नुसते जपून ठेवले असते तर ते संग्रहालय झाले असते. आजही तेथे माणसे बसतात, म्हणून ते घर आहे. आपली वाचनालये, तालमी, नाट्यगृहे आणि ही व्याख्यानमाला यांचा हिशेबही याहून वेगळा नाही. वर्गणी दिली म्हणजे कर्तव्य संपले असे नाही. खुर्चीत येऊन बसावे लागते. आज आपण आलात. उद्याही या.