चेटकिणींची मासिक बैठक

 

एका गटाकडून प्रश्न आला आहे. मोबाइलवर कुणीतरी दाखवलं, की परदेशात शिकल्यासवरल्या बाया स्वतःला चेटकीण म्हणवून घेतात आणि त्यांच्या सभाही भरतात. हे खरं आहे का? आणि खरं असेल तर अंधश्रद्धेचे धडे आम्हालाच का देता? प्रश्न रोखठोक आहे, मला आवडला. पहिल्या भागाचं उत्तर लगेच देते. होय, खरं आहे. दुसऱ्याला जरा वेळ लागेल, तेव्हा हातातलं काम चालू ठेवा आणि ऐका.

इंग्लंडमध्ये गावोगावी पब असतात. दारू मिळते, पण जेवणही मिळतं, आणि बायका-पुरुष गप्पा मारायला बसतात. आपल्याकडच्या गुत्त्यासारखं ते नसतं. अशाच एखाद्या पबची माडीवरची खोली घेऊन महिन्यातून एका ठरलेल्या संध्याकाळी ही माणसं जमतात. त्या बैठकीला ‘मूट’ म्हणतात. हा जुना इंग्रजी शब्द, अर्थ सभा. ठरलेल्या दिवशी आपल्या गटाची बैठक होते तशीच. कुणी झाडपाल्यावर बोलतं, कुणी चंद्राच्या कलांवर, कुणी भविष्याच्या पत्त्यांवर. मग प्रश्न, मग वाद, आणि वाद भरपूर. एकीची पद्धत दुसरीला पटत नाही. नवीन माणूस कोपऱ्यात सरबत घेऊन नुसतं ऐकत बसला तरी चालतं. इथं मंत्र-तंत्र सहसा होत नाही, बोलणं होतं. विधी करायचा तो वेगळ्या, लहान गटात, कुणाच्या घरी नाहीतर रानात. त्या गटाला ‘कव्हन’ म्हणतात आणि परंपरेनं त्यात तेरापर्यंत माणसं असतात.

ही सगळी मंडळी एकाच पंथाची नसतात. त्यातला ठळक पंथ म्हणजे ‘विक्का’. निसर्गाला देव मानायचं, देवीला मोठा मान द्यायचा, वर्षाचे आठ सण पाळायचे. त्यातले चार सूर्याच्या चालीवर, म्हणजे मोठा दिवस, मोठी रात्र आणि दिवस-रात्र सारखे असतात ते दोन दिवस. आणि जादू? मेणबत्ती, दोरा, वनस्पती वापरून मन एका इच्छेवर एकाग्र केलं की बदल घडतो, असं ते मानतात. मी मानत नाही. मेणबत्ती लावून कुणाला नोकरी लागेल असं मला वाटत नाही, आणि त्यांच्यातही याचे अर्थ लावणारे पुष्कळ आहेत. कुणी म्हणतं खरी शक्ती, कुणी म्हणतं स्वतःच्या मनाला दिलेली हिंमत. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे 74,000 लोकांनी धर्म ‘पेगन’ आणि सुमारे 13,000 लोकांनी ‘विक्का’ असा सांगितला. सरकारी कागदावर लिहायला ते भीत नाहीत.

पण हे नेहमीच असं नव्हतं. त्याच देशात 1612 साली पेंडल नावाच्या डोंगराळ भागातल्या दहा जणांना चेटूक केल्याच्या आरोपावरून फाशी दिलं. बहुतेक बायाच, आणि गरीब. 1735 मध्ये नवा कायदा झाला. त्याचं म्हणणं असं, की चेटूक असं काही नसतंच, पण ते येतं असं सांगून लोकांना फसवणारा गुन्हेगार. हा कायदा इतका टिकला, की दुसऱ्या महायुद्धात, 1944 साली, मृतात्म्यांशी बोलून दाखवणाऱ्या हेलन डंकन या बाईला त्याखाली नऊ महिन्यांची कैद झाली. 1951 मध्ये तो रद्द झाला. तीन वर्षांत जेराल्ड गार्डनर या निवृत्त अधिकाऱ्याचं पुस्तक आलं. त्यात त्यानं जाहीर केलं, की चेटकिणींचा जुना धर्म अजून जिवंत आहे आणि मी त्यात सामील आहे.

आता मला सांगायची आहे ती डोरीन व्हॅलिएंटची गोष्ट. 1922 चा तिचा जन्म. 1953 मध्ये तिनं गार्डनरकडून दीक्षा घेतली. हुशार बाई. विधींची वही हातात आल्यावर तिच्या लक्षात आलं, की यातला बराच मजकूर अलिस्टर क्रॉली नावाच्या दुसऱ्याच जादूगाराच्या लिखाणातून उचललेला आहे. तिनं ते गुरूला तोंडावर सांगितलं. तुला जास्त चांगलं जमत असेल तर तूच लिही, अशा अर्थाचं उत्तर गुरूनं दिलं. तिनं लिहिलं. आज तो पंथ जे म्हणतो, त्यातलं बरंच तिच्या हातचं आहे.

पुढं 1957 च्या सुमारास खटका उडाला. गार्डनरला वर्तमानपत्रांत झळकायची फार हौस, आणि त्यामुळं बाकीच्यांच्या नोकऱ्या, अब्रू धोक्यात यायची. डोरीन आणि तिच्या सोबत्यांनी म्हटलं, प्रसिद्धीचे काही नियम करूया. तर गार्डनरनं एक कागद पुढं केला. हे पाहा, आपल्या पंथाचे प्राचीन कायदे आधीपासूनच आहेत म्हणाला. त्यात एक कलम असं, की मुख्य पुजारीण वयस्क झाली की तिनं तरुण बाईसाठी जागा मोकळी करावी, आणि तीही खुशीनं. तेव्हा डोरीन पस्तिशीची आणि हे कलम दाखवणारा गार्डनर त्र्याहत्तर वर्षांचा! पुरुषानं कधी निवृत्त व्हावं याचं कलम काही त्यात नव्हतं. हे कायदे इतके प्राचीन होते तर आजवर कुणी पाहिले का नाहीत, हे तिच्या लगेच ध्यानात आलं. ती आणि तिचे सोबती बाहेर पडले.

‘आपल्यात असंच चालत आलंय’ हे वाक्य आपल्यापैकी कुणी ऐकलं नाही? दरवेळी ते खोटं असतं असं नाही, पण कधीपासून चालत आलं आणि कुणी सांगितलं, हे विचारायला काय जातं? डोरीननं विचारलं. आणि बाहेर पडल्यावर तिचं काही वाईट झालं नाही. कुणाचा शाप लागला नाही. तिनं पुस्तकं लिहिली, भाषणं केली, 1964 मध्ये चेटकिणींच्या वेगवेगळ्या गटांना एकत्र आणणाऱ्या एका संस्थेची अध्यक्ष झाली. त्या संस्थेनं लंडनमध्ये एक जेवण ठेवलं आणि पन्नासेक माणसं एकत्र बसली. एरवी एकमेकांना खोटं ठरवणारे गट एका पंगतीला! संस्था भांडणांत फार टिकली नाही, पण छोटी छोटी मासिकं निघत राहिली. गावात आपल्यासारखं दुसरं कुणी नाही असं वाटणाऱ्या माणसाला त्यातून सोबत मिळायची.

या देवाणघेवाणीचा फायदा काय झाला ते सांगते. आपला धर्म अश्मयुगापासून गुपचूप चालत आला, असं ते सुरुवातीला मानत. मार्गारेट मरे या बाईंनी 1921 मध्ये तशा अर्थाचं पुस्तक लिहिलं होतं. नंतरच्या इतिहासकारांनी कागदपत्रं तपासून ते खोडून काढलं. 1999 मध्ये रोनाल्ड हटन या प्राध्यापकांनी सविस्तर दाखवलं, की विक्का हा विसाव्या शतकातच घडलेला पंथ आहे. काही जण रागावले. पण पुष्कळांनी ते पुस्तक वाचलं, त्यावर वाद घातला आणि ठीक आहे, आमचा धर्म नवा आहे, असं मान्य केलं. आपल्या श्रद्धेविरुद्धचं पुस्तक श्रद्धाळूंनीच वाचावं, हे मला त्यांच्या सगळ्या जादूपेक्षा मोठं वाटतं.

तिथं सगळं गोड आहे असं मात्र समजू नका. 1990 च्या आसपास ब्रिटनमध्ये अफवा उठली, की सैतानाची पूजा करणारे लोक विधींमध्ये मुलांचा छळ करतात. संशयावरून लेकरं आईबापांपासून तोडली. ऑर्कनी बेटांवर 1991 मध्ये नऊ मुलांना पहाटे घरातून उचललं, आणि कोर्टानं प्रकरण फेटाळल्यावरच ती परत आली. सरकारनं जीन ला फाँतेन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंना चौकशी करायला सांगितलं. 1994 च्या अहवालात त्यांनी लिहिलं, की सैतानपूजेतून छळ झाल्याचा पुरावा कुठंच नाही. तेव्हा शिकलेला देशही अफवेला भुलतो. त्या दिवसांत पेगन मंडळींना कळलं, की लपून राहिलो तर लोक वाटेल ते बोलतील, उघड्यावर बसलेलं बरं.

आणि फसवणारे तिथंही आहेत. काही गटांत विधी कपड्यांशिवाय करतात, तेव्हा नवख्या मुलीला धोका किती, हे मी सांगायला नको. म्हणून जुन्या जाणत्यांनी काही रीती धरल्या. पहिली भेट चारचौघांत, पबमध्ये. अनेक गटांत दीक्षेआधी एक वर्ष आणि एक दिवस थांबायचं. विक्काच्या जुन्या परंपरेत दीक्षेचे पैसे घेत नाहीत. नको वाटलं तर उठून जायचं. अमेरिकेतले याच वर्तुळातले लेखक आयझॅक बोनविट्स यांनी 1979 मध्ये कोणताही पंथ किती धोक्याचा आहे हे मोजायची एक यादीच छापली. प्रत्येक प्रश्नाला एक ते दहा गुण. पुढारी आपलंच खरं म्हणतो का? पैसा किती मागतो? शरीराची मागणी करतो का? घरच्यांपासून, मैत्रिणींपासून तोडतो का? सोडून जाणाऱ्याला धमकावतो का? गुण जितके जास्त तितका धोका जास्त.

हे प्रश्न आपल्या गावात दर अमावास्येला बसणाऱ्या देवऋषीलाही लावून पाहा. बंद खोलीत एकटीला बोलावतो? कुणाला सांगू नको, नाहीतर उतारा उलटेल, असं म्हणतो? मग गुण तुम्हीच द्या.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. तिकडची बाई स्वतःला चेटकीण म्हणवते, तो तिनं स्वतः अंगावर घेतलेला शब्द आहे. उद्या नको वाटला तर टाकून देईल. आपल्याकडं हा शब्द दुसरे लावतात. एकटी विधवा, जिच्या नावावर दोन एकर आहेत, तिला लावतात. शेजारचं लेकरू आजारी पडलं, म्हैस आटली, की हिची नजर. तिला तो टाकून देता येत नाही. घर सोडावं लागतं, मार खावा लागतो, कधी जीव जातो.

2013 च्या जूनमध्ये ब्रायटन शहरात, डोरीन राहायची त्या इमारतीवर तिच्या नावाची निळी पाटी लागली. त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या, आणि त्यांनी वर्षानुवर्षं मागितलेला जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर झाला. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्रानं जनावराचं दूध आटवते, रोगराई पसरवते असं म्हणून तिचं जगणं मुश्कील करणं हा या कायद्यानं गुन्हा आहे. होय, दूध आटवण्याचा उल्लेख कायद्यातच आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत, आणि गुन्हा अजामीनपात्र. त्यासाठी पोलिसांत दक्षता अधिकारी नेमलेले असतात. ठाण्यात गेलात तर तोच शब्द वापरून विचारा. एकटीनं जाऊ नका, गटातल्या चौघी-पाच जणी मिळून जा.

मगाचे पाच प्रश्न गटाच्या सचिव ताईंनी वहीत उतरवून घ्यावेत. कुणाचे राहिले असतील तर हे भाषण गुरुवारी सकाळी पुन्हा लागणार आहे. पुढच्या वेळी शेळ्यांच्या लसीकरणाबद्दल बोलू. येते.