जुम्मन शेख शिकलेला होता

(वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुन्शी प्रेमचंद यांची 'पंच परमेश्वर' ही कथा 1916 साली 'सरस्वती' मासिकात प्रसिद्ध झाली. जुम्मन शेख आणि अलगू चौधरी यांच्या दोस्तीची गोष्ट म्हणून ती सर्वांना ठाऊक आहे. तिच्यातील माणसे स्वतःला कोण समजतात आणि कशावर विश्वास ठेवतात, एवढेच आज पाहू.

जुम्मन हा शिक्षकाचा मुलगा. पंचक्रोशीत त्याच्या विद्येला मान होता. त्याने लिहिलेल्या दस्तऐवजात कचेरीतला कारकूनही चूक काढू शकत नसे. परंतु याच शिकलेल्या माणसाने गोड बोलून म्हाताऱ्या खालाची मिळकत आपल्या नावे करून घेतली आणि हिबानाम्याची नोंदणी होताच तिचे हाल सुरू झाले. विद्येने त्याला कागद पक्का करायला शिकविले, दिलेला शब्द पाळायला नाही.

खालाला हातातल्या काठीखेरीज आधार नव्हता. तरी पंच म्हणून तिने जुम्मनच्याच जिवलग दोस्ताचे, अलगूचे नाव घेतले. पंच कोणाचा दोस्त नसतो, दुश्मनही नसतो, ही तिची श्रद्धा. अलगूने ती खरी केली. खालाला दरमहा खर्च द्यावा, नपेक्षा हिबानामा रद्द, असा निकाल त्याने दिला. दोस्ती मात्र तुटली.

पुढे समझू साहूने अलगूचा बैल दीडशे रुपयांना उधारीवर घेतला, राबवून मारला आणि पैसे नाकारले. पंच निवडताना त्याने मुद्दाम जुम्मनचे नाव घेतले. सूड घेण्याची संधी चालून आली होती. पण पंचाच्या जागी बसताच जुम्मनला जबाबदारीची जाणीव झाली. साहूने बैलाची पूर्ण किंमत द्यावी, असा निकाल त्याने दिला.

मित्रहो, जुम्मनचे नाव, धर्म, विद्या सारे पूर्वीचेच होते. बदलली ती त्याची स्वतःविषयीची समजूत. क्षणापूर्वी तो अलगूचा वैरी होता, आता पंच झाला. जे काम पुस्तकांनी केले नाही, ते जबाबदारीने केले.

म्हणून पालकांना विनंती की, मुलांना शिकवा आणि लहानपणापासून जबाबदारीही द्या. भावंडांच्या भांडणात त्यांना न्याय करू द्या, घरखर्चाचा हिशेब ठेवू द्या. आणि प्रगतिपुस्तकावर सही करताना एक गोष्ट जरूर पाहा. घरातली म्हातारी खाला जेवली की नाही, हे आपला मुलगा विचारतो काय?